आडातले गाणे

"फादर, ही पोरं आडात बसून गात्यात का?"

आजींचा हा प्रश्न आजही माझ्या कानांत जसाच्या तसा आहे. २०२४ च्या उपवासकाळातील पहिला शुक्रवार होता. खालापूर तालुक्यातील एका वस्तीत दहाबारा कॅथलिक कुटुंबे क्रुसाच्या वाटेसाठी एका अंगणात जमली होती. बहुतेक मंडळी नगर जिल्ह्यातून कारखान्यांच्या कामासाठी इकडे आलेली आणि येथेच रुजलेली. त्या वस्तीत ना कुणी पेटी वाजविणारा, ना गायनवृंद. म्हणून आमच्या कर्जतच्या तरुणांनी गिटारच्या साथीवर दहा गीते ध्वनिमुद्रित केली होती, आणि ती पेनड्राइव्हवर घालून मी मोठ्या कौतुकाने घेऊन गेलो होतो. तांब्याएवढा एक स्पीकर खुर्चीवर ठेवला, कळ दाबली, आणि भाविकांना म्हणालो, "आता यांच्याबरोबर आपण सगळ्यांनी गायचे."

कुणीही गाईना. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. गीत कोठे सुरू झाले, पहिली ओळ कोठे संपली, आपण कोठे सूर मिळवायचा, हे कुणालाच उमजत नव्हते. गिटारचा एक झंकार विरण्यापूर्वीच दुसरा त्याच्यावर येऊन आदळत होता, आणि दोहोंच्या गदारोळात शब्द बुडून जात होते. तेव्हा आजींनी तो प्रश्न विचारला. अंगणात हशा पिकला. मीही हसलो, पण ते हसणे ओठांवरचे होते. स्पीकर बंद केला. आजींनीच मग आपल्या खणखणीत आवाजात सुरुवात केली आणि चौदा स्थाने आम्ही साथीवाचून पूर्ण केली.

वाचकहो, त्या रात्री कर्जतला परतताना मनात जो सल राहिला, त्याची ही हकिकत आहे. ती थोडी तांत्रिक आहे. पण आज जवळजवळ प्रत्येक धर्मग्रामात तरुण मुले गीते ध्वनिमुद्रित करीत असतात आणि माझ्यासारखे हौशी वडीलधारे त्यांना सल्ले देत असतात. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी ती उपयोगी पडेल.

प्रथम माझी स्वतःची कबुली. त्या गीतांचे 'मिक्सिंग' मीच केले होते. वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज योग्य प्रमाणात एकत्र बसविणे म्हणजे मिक्सिंग, आणि तयार झालेल्या गीतावर शेवटचा हात फिरवून ते सर्वत्र वाजविण्याजोगे करणे म्हणजे 'मास्टरिंग'. गोरेगावच्या सेमिनरीत असताना, नव्वदीच्या दशकात, चार पट्ट्यांच्या एका कॅसेट रेकॉर्डरवर मी हे उद्योग शिकलो. आमच्याकडे गिटारचा एक जुना अँप्लिफायर होता. त्याच्या पोटात लोखंडी स्प्रिंगा होत्या. गिटारचा आवाज त्या स्प्रिंगांतून फिरून बाहेर येई, तेव्हा तो एखाद्या मोठ्या सभागृहात वाजत असल्यासारखा भासे. अँप्लिफायरला चुकून धक्का लागला तर ढगांचा गडगडाट होई, आणि प्रार्थनेच्या वेळी तो मुद्दाम करणारे बंधूही आमच्यात होते. त्या वयात मला वाटे की, गिटारला पावित्र्य देणारे यंत्र ते हेच! साध्या तारा छेडल्या तरी देवळात वाजल्यासारखे वाटे. ही समजूत पुढे तीस वर्षे माझ्या डोक्यात घर करून राहिली.

इंग्रजीत ज्याला 'रिव्हर्ब' म्हणतात, त्याला आपल्या शाळेच्या विज्ञान पुस्तकात 'निनाद' असा सुंदर शब्द आहे. निनाद आणि प्रतिध्वनी यांत पुष्कळांची गल्लत होते. आमच्या धर्मशिक्षणाच्या मुलांना मी दरवर्षी माथेरानला नेतो. माथेरान कर्जत तालुक्यातच येते. तेथील 'एको पॉइंट'वर उभे राहून मुले स्वतःची नावे पुकारतात आणि समोरचा कडा ती नावे स्वच्छ परत करतो. हा प्रतिध्वनी. मूळ आवाज आणि परतलेला आवाज यांत किमान एक दशांश सेकंदाचे अंतर पडले, तरच कान त्यांना वेगळे ओळखतो. म्हणून आवाज परतविणारी भिंत सतरा मीटरहून अधिक दूर असावी लागते. परंतु खोलीच्या भिंती जवळ असतात. आवाज एका भिंतीवरून दुसरीवर, तेथून छतावर, छतावरून फरशीवर असा शेकडो वेळा परततो. या परतलेल्या आवाजांना कान वेगळे काढू शकत नाही. मूळ आवाज थांबल्यावरही त्याची जी शेपटी मागे रेंगाळते, तो निनाद.

याच तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहात उभे राहून एखादा स्वर लावावा, तो दगडातून उमलून येतो. अशा ठिकाणी संथ, एकसुरी पठणच शोभते. आमच्या परंपरेतील ग्रेगोरियन गायनही युरोपातील दगडी देवळांत वाढले ते असेच: एकच सुरावट, सावकाश चाल, वाद्यांची गर्दी नाही. पहिला स्वर विरता विरता दुसरा येतो आणि दोघे मिळून एक होतात. तेथे निनाद हा गायकाचा सोबती असतो. गिटारचे तसे नाही. गिटारच्या एका झटक्यात सहा तारा वाजतात आणि चार मात्रांनी संच बदलतो. पहिल्या संचाचा निनाद दुसऱ्यात मिसळला की, दोन वेगळ्या भाज्या एका पातेल्यात ओतल्याप्रमाणे कोणत्याच भाजीची चव राहत नाही. सेमिनरीत मी ग्रेगोरियन शिकलो आणि गिटारही शिकलो. पण एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही, एवढे साधे पथ्य मात्र शिकलो नाही.

आता आमच्या चुका क्रमाने सांगतो.

पहिली चूक जागेची. आम्ही जानेवारी २०२४ मध्ये रात्री दहानंतर देवळात मुद्रण केले. कर्जत स्थानकात घाट चढणाऱ्या जड गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. त्यांच्या शिट्ट्या चुकविण्यासाठी रात्र बरी, असा विचार होता. परंतु रात्रीचे देऊळ म्हणजे रिकामे देऊळ.

१८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे असेच एक गाऱ्हाणे आले होते. फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळत नव्हते. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबिनने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्यात, त्या व्याख्यानगृहात मांडाव्यात, ऑर्गनची एक नळी वाजवून आवाज विरण्याचा वेळ मोजावा, आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवाव्यात. या खटाटोपातून त्याला एक सोपे सूत्र सापडले. खोलीचे घनमीटरमधील आकारमान ०.१६१ ने गुणावे आणि खोलीत जे जे आवाज शोषून घेते त्याच्या बेरजेने भागावे. उत्तर येते ते निनाद विरण्याचे सेकंद. शोषणाचे मापही त्याने मोठे मार्मिक निवडले: उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक एकक.

आमचे देऊळ सुमारे २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ६ मीटर उंच. म्हणजे १,२०० घनमीटर. गुळगुळीत गिलावा, फरशी, लाकडी बाक. रिकाम्या देवळाचे शोषण १०० धरले तर निनाद येतो सुमारे १.९ सेकंद. रविवारच्या मिस्साला दोनशे माणसे बसली की प्रत्येक माणूस जवळजवळ अर्धा चौरस मीटर खिडकीइतका आवाज आपल्या अंगावरच्या कपड्यांत सामावून घेतो. शोषण १९० च्या आसपास जाते आणि निनाद सुमारे एका सेकंदावर येतो. हा हिशेब मी प्रथम केला तेव्हा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिलो. देऊळ जितके रिकामे, तितका त्यात आवाज अधिक घुमतो. माणसे आली की शब्द स्वच्छ होतात.

दुसरी चूक माइकची. गिटारसमोरचा माइक आम्ही आठ फूट दूर ठेवला होता. जवळच्या माइकला गिटार अधिक ऐकू येते, दूरच्या माइकला खोली अधिक ऐकू येते. आमच्या माइकने देऊळच मुद्रित केले होते. गिटार त्यात पाहुण्यासारखी येऊन गेली होती.

तिसरी चूक माझी आणि सर्वांत मोठी. आधीच निनादाने भिजलेल्या गिटारवर मी संगणकातील 'कॅथीड्रल' नावाचा तयार निनाद चढविला. तो साडेतीन सेकंदांचा होता. गीताची चाल मिनिटाला ७२ मात्रांची. म्हणजे एक मात्रा ०.८३ सेकंदाची आणि चार मात्रांचा संच ३.३ सेकंदांचा. एका संचाची शेपटी पुढचा संपूर्ण संच संपेपर्यंत त्याच्या मागे फरफटत होती.

चौथी चूक मास्टरिंगची. गीत मोठ्याने वाजावे म्हणून मी 'लिमिटर' जोरात लावला. हे साधन आवाजाची उंच टोके दाबते आणि मग सगळेच वर उचलते. मी टोके सातआठ डेसिबल दाबली. त्यामुळे दोन झंकारांमधील जी हळू शेपटी होती ती तितकीच वर आली. पूर्वी जे मागे कुजबुजत होते, ते आता पुढे येऊन ओरडू लागले.

आणि हे सारे मी ऐकले कोठे? हेडफोनमध्ये! दोन कानांना दोन बाजूंनी निनाद येतो तेव्हा आपला मेंदू तो मूळ आवाजापासून वेगळा काढतो, आणि आपल्याला वाटते, वा, काय भव्य! तोच आवाज वस्तीतल्या त्या एका छोट्या स्पीकरच्या एका छिद्रातून आला की मेंदूला ही निवड करता येत नाही. भव्यतेचा आड होतो.

दुरुस्तीसाठी मी तीन आठवडे झटलो. कॅथीड्रल काढून टाकले. गिटारमधील २०० ते ५०० हर्ट्झचा घुमारा कमी केला. निनाद पुसण्यासाठी आता खास सॉफ्टवेअर मिळतात. तेही वापरून पाहिले. थोडे वापरले की थोडा फरक पडे. अधिक वापरले की गिटार पाण्याखाली वाजल्यासारखी वाटे आणि तारांवरील बोटांचा जिवंतपणा निघून जाई. आमटीत मीठ जास्त पडले तर गृहिणी बटाटा घालते, पाणी वाढविते. पण पडलेले मीठ चिमटीने वेचून काढता येत नाही. चढविलेला निनाद काढता येतो. मुद्रणातच शिरलेला निनाद काढता येत नाही. पुन्हा वाजविणे हाच एक उपाय होता.

आणि तेथेच माझे पाऊल अडखळले.

आमचा गिटारवादक तिशीतला आहे. त्याचे नाव लिहू नये, ही त्याची अट आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात यंत्रावर काम करताना त्याच्या डाव्या हाताच्या अनामिकेचे टोक गेले. तारा दाबतो तो हात नेमका डावा. जखम भरली, पण त्या बोटाला तारेचा नेमका स्पर्श कळत नाही. दाब कमी पडला की तार पडद्यावर थरथरते आणि माशी अडकल्यासारखी झिणझिण येते. अपघातानंतर त्याने दोन वर्षे गिटारला हात लावला नव्हता. मीच त्याला पुन्हा बोलावून आणले होते. जानेवारीत मुद्रण ऐकताना ती झिणझिण मला प्रत्येक कडव्यात ऐकू आली, आणि ती लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून मी निनाद वाढवीत नेला. पावित्र्यासाठी निनाद, असे मी गायनवृंदाला सांगितले होते. ते अर्धेच खरे होते. निनाद हे पांघरूण असते. बेसूर गळा, डळमळता ताल, चुकलेले बोट, सगळे त्याखाली झाकता येते. मी त्याचे बोट झाकले होते.

त्याला हे सांगावे की नाही, या विचारात आठवडा गेला. अखेर एका संध्याकाळी मिस्सानंतर त्याला कार्यालयात बसविले आणि प्रथम जुने, कोरडे मुद्रण लावले, नंतर माझे मिक्सिंग. तो बराच वेळ गप्प होता.

"फादर, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," तो म्हणाला. "मी वाजवतो ते मला माहीत असतं ना! तुम्ही माझ्यावर दया केलीत. पण मला एकदा नीट सांगितलं असतंत, तर मी दुसऱ्या पद्धतीनं वाजवलं असतं."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"वाईट आत्ता वाटलं."

तीस वर्षे पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला त्या तीन शब्दांवर काही उत्तर सुचले नाही. मी त्याची क्षमा मागितली. त्याने मान हलविली आणि विषय बदलला. तो क्षमेला नकार नव्हता. पण ताबडतोब दिलेली क्षमाही नव्हती.

पुढचे काही आठवडे तो देवळात आला, वाजवून गेला, माझ्याशी कामापुरते बोलला. मीही त्याला छेडले नाही. मग पाऊस सुरू झाला. कर्जतच्या पावसात मुद्रणाचे नाव काढण्यात अर्थ नसतो. पत्र्यांवर जे वाजते, त्यापुढे कोणतेही वाद्य टिकत नाही. त्या चार महिन्यांत त्याने काय केले ते मला ऑक्टोबरात कळले. त्याने अनामिका वाजविण्यातून पूर्णपणे वगळली होती. उरलेल्या तीन बोटांनी संच कसे बसवायचे याचा त्याने गीतागणिक विचार केला होता. हलक्या तारा चढविल्या होत्या. कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावून मोकळ्या तारांचे सोपे संच निवडले होते, आणि सहाही तारांवर झटका मारण्याऐवजी एकेक तार छेडण्याची पद्धत धरली होती.

त्याच्या भ्रमणध्वनीत दोन वादकांची चित्रे होती. एक जँगो राइनहार्ट: १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली, आणि पुढे मुख्यतः दोन बोटांवर त्याने युरोपातील जॅझ संगीतात आपले स्थान निर्माण केले. दुसरा इंग्लंडचा टोनी आयोमी: १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिटार सैल करून वाजवू लागला. "हा आपल्यातलाच, फादर. कारखान्यातला," तो म्हणाला. उन्हाळ्यानंतर प्रथमच तो माझ्यासमोर मोकळेपणी हसला.

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस आम्ही पुन्हा मुद्रणाला बसलो; या वेळी देवळात नव्हे, सॅक्रिस्टीत. ही कल्पना सॅबिनच्या गाद्यांवरून सुचली. सॅक्रिस्टी लहान. मिस्सावस्त्रांची कपाटे आम्ही सताड उघडी ठेवली; जांभळी, हिरवी, पांढरी वस्त्रे, वेदीसेवक मुलांचे झगे, सारे आवाज पिऊ लागले. खिडकीवर दोन गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी अंथरली. टाळी वाजविली तर ती मागे काही न ठेवता मेली. माइक गिटारपासून एक फुटावर ठेवला; गिटारची मान तिच्या पोटाला जेथे मिळते, त्या बाजूला रोखलेला. समोरच्या भोकापुढे माइक धरला तर आवाज ढोलासारखा घुमतो, हे मी आधीच्या चुकांतून शिकलो होतो. रात्रीच्या गाडीची शिट्टी झाली की आम्ही थांबत होतो आणि पुन्हा सुरू करीत होतो.

कोरडे मुद्रण ऐकणे ही एक तपश्चर्या आहे. प्रत्येक नख, प्रत्येक श्वास, तारेवरून सरकणाऱ्या बोटाची प्रत्येक खरखर ऐकू येते. दोन ठिकाणी झिणझिण आली. मी गप्प राहिलो, मग म्हणालो, "तिसऱ्या कडव्यात तार थरथरते." तो म्हणाला, "ऐकलं मी. पुन्हा घेतो." एवढेच. जानेवारीत हे एवढेच बोलायचे राहून गेले होते.

मिक्सिंगच्या वेळी आम्ही दोघे शेजारी बसलो. जे केले ते थोडक्यात सांगतो. तरुणांनी टिपून ठेवावे. निनाद थेट गिटारवर न चढविता त्याची एक स्वतंत्र वाट ठेवली आणि गिटार व आवाज या दोहोंतून थोडे थोडे त्या एकाच वाटेने पाठविले. त्यामुळे सर्व जण एकाच खोलीत बसल्यासारखे वाटतात. गिटारचे प्रमाण आवाजापेक्षा कमी ठेवले. निनादाची लांबी एक सेकंदाच्या आसपास, म्हणजे रविवारी भरलेल्या आमच्या देवळाइतकी. मूळ झंकार आणि निनादाची सुरुवात यांत सेकंदाच्या हजार भागांपैकी २५ भागांचे अंतर दिले. तेवढ्या सवडीत तारेचा छेड कानाला स्वच्छ पोहोचतो आणि मग निनाद मागून येतो. निनादातील २५० हर्ट्झच्या खालचा घुमारा आणि ६,००० हर्ट्झच्या वरची सळसळ छाटून टाकली. शेवटी निनाद इतका कमी केला की तो आहे हे जाणवू नये, पण बंद केला तर काही हरवल्यासारखे वाटावे. मास्टरिंगमध्ये लिमिटर दोन डेसिबलपेक्षा जास्त दाबू दिला नाही. आणि प्रत्येक टप्प्यावर हेडफोन काढून तांब्याएवढ्या त्याच स्पीकरवर ऐकले. आमच्या गाण्याचा परीक्षक तो होता.

सेमिनरीत आम्हांला उपासनासंगीताचे दस्तऐवज शिकविले होते. दहावे पायस यांनी १९०३ साली देवळातून पियानो आणि गोंगाटी वाद्ये वर्ज्य केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक घटनेत इतर वाद्यांना काही अटींवर दार उघडले, आणि १९६७ च्या 'मुझिकाम साक्रम' या निर्देशपत्राने बजावले की, साथीने गायकांना आधार द्यावा; शब्द कळणे कठीण व्हावे इतके त्यांना झाकू नये. परीक्षेत हे मी बिनचूक लिहिले होते. संत पौलानेही करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हेच वाद्यांच्या दाखल्याने समजाविले आहे: स्वरांत भेद नसेल तर बासरीवर किंवा वीणेवर काय वाजते ते कुणाला कळणार? या वचनावर मी अनेकदा प्रवचन केले आहे. त्या प्रवचनांतही पुष्कळ निनाद असावा, असे आता वाटते. जेथे सांगायला नेमके काही नसे, तेथे मी आवाज भारदस्त करीत असे.

मार्च २०२५. राखेचा बुधवार होऊन गेला आणि शुक्रवारी आम्ही पुन्हा त्या वस्तीत गेलो. या वेळी गिटारवादक माझ्याबरोबर होता. गिटार मात्र त्याने घरी ठेवली होती. "मुद्रणच ऐकू द्या. मला लोकांकडं बघायचंय," तो म्हणाला. तेच अंगण, तीच खुर्ची, तोच स्पीकर. कळ दाबली. गिटारच्या चार स्वच्छ छेडी आल्या, आणि पाचव्या छेडीवर, कुणी न सांगता, सारे अंगण गाऊ लागले. लहान मुले, कामावरून थेट आलेले गडी, कडेवर मूल घेतलेल्या बाया. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याचा डावा हात खिशात असतो, ही त्याची अपघातानंतरची सवय. त्या संध्याकाळी तो हात खिशाबाहेर होता आणि बोटे मांडीवर ताल धरीत होती.

विधी संपल्यावर आजी जवळ आल्या. मी शाबासकीच्या अपेक्षेने पुढे झालो.

"फादर, आवाज झ्याक आला बरं का यंदा," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या कडव्यात पोरांनी शब्द चुकीवलाय. तसा न्हाई त्यो."

मी घरी जाऊन जुने गीतपुस्तक उघडले. आजींचे म्हणणे खरे होते. गायनवृंदाने तो शब्द जानेवारी २०२४ मध्येही चुकविला होता, ऑक्टोबरातही चुकविला. आधी तो कुणाला ऐकूच आला नव्हता.

पुढच्या शनिवारी सॅक्रिस्टीची कपाटे पुन्हा उघडली आणि ते कडवे पुन्हा गाऊन घेतले.